पहिली टोपली

ओपोतिकी, न्यूझीलंड
५ एप्रिल २००६

लाडक्या मामा,

फोनवर तू "हं? कोण? जरा मोठ्याने!" यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखव, पण पायमोज्यांचा भाग गाळ.

आम्ही तिघं मजेत आहोत. मी, मानों आणि तिचा तो बास्तिएन, ल्योंचा. व्हॅन एका नळ दुरुस्त करणाऱ्याकडून घेतली. अजून मधूनच कुठून तरी नळाची चकती घरंगळत येते. मागे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली कपडे आणि सगळीकडे बास्तिएनच्या पायमोज्यांचा वास. बाजूचं दार फक्त बाहेरून उघडतं. त्यामुळे पहाटे कुणाला जायचं झालं की आधी चालकाच्या जागेवर चढा, मग स्टिअरिंग पोटात खुपसून घ्या आणि मग उतरा. वर्षभराचा परवाना मिळालाय तो असा: फिरा आणि पोटापुरतं कमवा. फिरणं झालं भरपूर, आता पोटाची पाळी.

सध्या किवीची तोडणी चालू आहे. पोटाला झोळी बांधायची, मांडवाखाली वाकून हिंडायचं आणि फळ अंड्यासारखं अलगद काढायचं. ओलं फळ मात्र तोडत नाहीत. पाऊस आला की बाग बंद, बाग बंद की मजुरी बंद. आणि इथे पाऊस आपल्याकडच्यासारखाच, लाज नसलेला.

आमच्या टोळीची मुकादमीण रिपेका मावशी. माओरी आहे, इथल्या मूळच्या लोकांतली. इथे सगळेच तिला मावशी म्हणतात, तिच्याहून म्हातारेसुद्धा. आवाज असा की तू दीपस्तंभावर उभा असलास तरी तुला ऐकू येईल. पहिल्याच दिवशी मी डबा खायला टेबलावर चढून बसले, तर ओरडली, "ए फ्रेंच! टेबल जेवायला असतं, ढुंगण टेकायला नाही!" पुढे मानोंने भांडी पुसायचं फडकं आणि चड्ड्या एकाच बादलीत भिजवल्या, तेव्हा बादली उचलून थेट अंगणात ओतली. पण त्याच संध्याकाळी म्हणाली, "गाडी माझ्या आवारात लावा. रस्त्यावर भिकाऱ्यासारखं झोपू नका." आता आम्ही तिच्या घराशेजारी राहतो. खाली छोटा समुद्रकिनारा आहे. तिचं न्हाणीघर वापरतो, तिची भांडी वापरतो. तिच्या बहिणीचा मुलगा होहेपा पण तिथेच असतो, तिनेच वाढवलाय त्याला. होडीतून समुद्रात शेवंडीचे पिंजरे टाकतो आणि बास्तिएनला रोज पत्त्यांत हरवतो.

आता कामाचं. खालच्या कातळांवर हिरव्या कडांचे शिंपले आहेत, माझ्या तळहाताएवढे! मी म्हटलं, मी काढीन. मावशी हसली. "तू? तुमच्याकडे ते दुकानात मिळतात ना?" मामा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ल गिल्विनेकच्या बंदरातली पोर मी, आणि मला दुकान सांगते! अमावस्येला मोठी सुकती आहे, पाणी पार मागे जाईल. तुझी कृती लिहून पाठव. इथे सायडर मिळत नाही, काय घालू?

तुझी
रोझेन


ल गिल्विनेक
१५ एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवशी

पोरी,

पत्र सोइझिकच्या कॅफेत मोठ्याने वाचलं. पायमोज्यांचा भाग दोनदा.

त्या ल्योंवाल्याला आधी कातळावर उभं राहायला शिकव. त्यांनी समुद्र फक्त ताटात पाहिलेला असतो. पाठ लाटेकडे करू नका, आणि शिंपले ओढू नका, पीळ देऊन काढा. सायडर नसेल तर पांढरी वाइन घाल. बारीक कांदा लोण्यात मऊ होऊ दे, मग शिंपले, झाकण, मोठी आच. तोंडं उघडली की लगेच उतरव. जे तोंड उघडत नाही ते टाकून दे, हा नियम शिंपल्यांना आहे, माणसांना असता तर तुझा बाप केव्हाच गेला असता.

आणि एक विसरू नकोस. पहिली टोपली ज्याचं छप्पर त्याची. तुझे आजोबा दुसऱ्याच्या बंदरात रात्र काढली तरी पहिली टोपली त्या घरी पोचवून मगच स्वतःची चूल पेटवायचे. तू त्या बाईचं न्हाणीघर वापरतेस, भांडी वापरतेस. रिकाम्या हाताने राहू नकोस. लोक म्हणतील, ब्रिटनीत पोरींना काही शिकवत नाहीत वाटतं.

इकडची गंमत सांगतो. आपल्या खाडीत सरकारने पुन्हा पाटी ठोकली, शिंपले काढण्यास मनाई. मी त्या पाटीलाच टोपी अडकवली आणि बादली भरून आलो. मासेमारी खात्याचा तो पोरगेला साहेब म्हणाला, "काका, पाटी दिसली नाही का?" मी म्हटलं, "दिसली की! पण समुद्राला कुठे वाचता येतं?" सगळा कॅफे हसून हसून लोळला. मला आता जो तो पाटीवाला म्हणून हाक मारतो.

दाखव त्या मुकादमिणीला. नाव राख आपलं.

गुलवेन मामा


ब्लेनम, दक्षिण बेट
६ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र वेळेत पोचलं. आता आम्ही ओपोतिकीला नाही, दक्षिण बेटावर आलो आहोत. तिथली तोडणी संपत आली होती आणि बास्तिएनला इकडचे डोंगर बघायचे होते. इथे द्राक्षांच्या वेली छाटायचं काम मिळतं म्हणे.

शिंपले केले. तू सांगितलंस तसेच, पांढरी वाइन घालून. मावशीला आवडले. सगळ्यांनाच आवडले. पहिली टोपली मी स्वतः नेऊन दिली.

मानोंला बरं नव्हतं दोन दिवस, आता ठीक आहे. इथे थंडी पडायला लागली. जास्त काही लिहिण्यासारखं नाही. यापुढे पत्र ब्लेनमच्या पोस्टात ठेवायला सांग, मी तिथून घेईन. जुन्या पत्त्यावर नको.

रोझेन


ल गिल्विनेक
१६ मे

पोरी,

एवढंसं पत्र? पोस्टाच्या तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचेस! पण जे लिहिलंस त्यानेच माझी छाती फुगली. "पहिली टोपली मी स्वतः नेऊन दिली." हे वाक्य मी कॅफेत तीन वेळा वाचलं. म्हातारा लोमेल म्हणाला, "गुलवेन, पोरगी तुझ्यावर गेली." मी सगळ्यांना एकेक पेला पाजला. तुझी आई तर रडलीच.

आणि मग मी एक केलं. तू अर्धवट आहेस, आभाराचं पत्रसुद्धा लिहिलं नसशील त्या बाईला, मी ओळखत नाही का तुला? म्हणून मीच पाठवलं. लोण्याच्या बिस्किटांचा मोठा डबा, वर बंदराचं चित्र असलेला, आणि पत्र. सोइझिकच्या लेकीकडून इंग्रजीत लिहून घेतलं. लिहिलं की रिपेकाताई, आमच्या पोरीला छप्पर दिलंत, उपकार आहेत. आमच्या रोझेनने आणलेली पहिली टोपली तुमच्या घराला गोड लागली हे कळून फार आनंद झाला. तुमच्या समुद्राची आणि आमच्या समुद्राची आता सोयरीक झाली. पत्ता तुझ्या पहिल्या पत्रावरचाच.

आज सकाळीच टपालात पडलं. खूश ना?

बास्तिएन अजून पाण्यात पडला की नाही ते कळव.

गुलवेन मामा


ब्लेनम
२८ मे

मामा,

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तशीच उठून आत पळाले. तो डबा परत बोलावता येतो का? मी इथल्या खिडकीवर विचारलं. बाई म्हणाली, फ्रान्समधून टाकलेलं टपाल मी कसं थांबवू. तूच तिकडे विचार. आणि नाहीच थांबला तर आधी हे पत्र पूर्ण वाच. कॅफेत नको. घरी वाच.

मी तुला खोटं लिहिलं. मावशीला शिंपले आवडले नाहीत. कुणी खाल्लेच नाहीत.

सलग पाऊस होता, बाग बंद होती. आम्ही गावात गेलो, रात्री दुकानाच्या आवारातच गाडीत झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. किनाऱ्याकडे उतरायच्या वाटेवर नवी पाटी होती, रंग अजून ओला होता. "राहुई" एवढंच लिहिलेलं. शेजारी मावशीचा कुणी भाचा पुतण्या उभा होता. तो म्हणाला, "खाली उतरू नका. राहुई आहे. पाण्यात जायचं नाही, पाण्यातलं काही काढायचं नाही." त्याचे डोळे लाल होते. मी बघितले ते डोळे, मामा. आणि का म्हणून विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

आमच्यात इंग्रजी नीट येतं ते मलाच. बास्तिएनने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, "पोहू नका म्हणतोय, पाण्याला ओढ आहे."

त्या दिवशी मोठी सुकती होती. दोन आठवडे मी फुशारकी मारत होते. बास्तिएन मला ब्रिटनीची जलराणी म्हणून चिडवत होता. आणि डोक्यात तुझं वाक्य, समुद्राला कुठे वाचता येतं. मला वाटलं, असेल इथल्या मासेमारी खात्याची काही भानगड. असं वाटलं, हेही आता मी माझ्या सोयीने लिहितेय. तसं वाटलं असतं तर सरळ वाटेने उतरले असते. मी त्या दोघांना टेकडीच्या मागून, समुद्रात घुसलेल्या कातळाच्या टोकापलीकडच्या खाडीत नेलं. तिथे घरातून कुणी बघू शकत नाही.

भरपूर शिंपले मिळाले. मावशीच्याच पातेल्यात, गाडीमागच्या पत्र्याच्या छपराखाली शिजवले. बास्तिएन आणि मानोंने तिथेच वाडगे भरून खाल्ले. मी पातेलं उचललं आणि घरात गेले. अंगणात खूप गाड्या होत्या. मला वाटलं, पाहुणे आलेत, बरंच झालं! दार पायाने ढकललं, झाकण काढलं आणि मोठ्याने म्हटलं, "मावशी, पहिली टोपली तुमची!"

खोली माणसांनी भरलेली. सगळ्यांनी वळून पातेल्याकडे बघितलं. भिंतीशी मावशीची बहीण हुइआ गादीवर बसली होती, होहेपाची आई. वाफ तिच्यापर्यंत गेली. तिने तोंडावर हात दाबला आणि उठून भिंतीला धरत धरत बाहेर गेली.

मावशीने विचारलं, "कुठून काढलेस?" तो दीपस्तंभाचा आवाज नव्हता. मी म्हटलं, "टोकापलीकडून." ती म्हणाली, "होहेपाची होडी काल तिथेच उलटी सापडली. तो नाही सापडला."

मामा, मी ते पातेलं धरून उभी होते. खाली ठेवू की घेऊन जाऊ हेही कळेना. शेवटी पाओरा आजोबांनी, मावशीच्या चुलत्यांनी, ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं.

मी पळाले. गाडीत बसले आणि म्हटलं, चला, निघा इथून. बास्तिएन विचारतोय काय झालं, मी म्हटलं, पातेलं न विचारता वापरलं म्हणून चिडलेत. आणखी एक खोटं. गाडी फाटकातून बाहेर पडली तर मागून पाओरा आजोबा काठी घेऊन धावत येत होते, ओरडत होते. काठी एकदा मागच्या पत्र्यावर बसलीसुद्धा. मी बास्तिएनला म्हटलं, "जोरात घे." आरशात ते दिसेनासे होईपर्यंत मी तेच म्हणत राहिले.

मला माहीत नव्हतं, मामा. मला खरंच माहीत नव्हतं की कुणी बुडालंय. पण तुझा डबा गेला तर? त्या घरात तुझं पत्र कुणीतरी मोठ्याने वाचेल. घराला गोड लागली म्हणून.

कसंही करून थांबव.

रोझेन


ल गिल्विनेक
१४ जून

रोझेन,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्याच दिवशी पोस्टात गेलो. डबा केव्हाच पलीकडे पोचला होता. उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला.

माहीत नव्हतं म्हणतेस. तुझा रिवाल मामा बुडाला तेव्हा मी लहान होतो, पण हे तुला मी शंभरदा सांगितलंय. त्याचा देह कधीच आला नाही. आईने वर्षभर घरात समुद्रातलं काही शिजू दिलं नाही. मासेमाराचं घर, आणि आम्ही बटाटे खाऊन वर्ष काढलं! बाप मासळी धरून आणायचा आणि परस्पर विकून घरी यायचा, कपडे बाहेर काढायचा. कुणी पाटी लावली नव्हती आमच्या दारात. शेजारचा प्रत्येक माणूस आपापलं पातेलं झाकून न्यायचा आमच्या घरावरून. ह्या घरात वाढलीस तू. कुणाचे लाल डोळे बघून समुद्राकाठी काय विचारायचं असतं हे तुला त्या लोकांनी शिकवायला हवं होतं का?

हे तुला लिहिलं आणि मग आरशात बघितलं. पाटीवर टोपी कुणी टांगली होती? तुझ्या कानात ते वाक्य कुणी घातलं? साठी उलटली माझी आणि अक्कल नाही आली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर ते पत्र. "समुद्राची सोयरीक झाली." देवा! रात्री आठवतं आणि मी गादीवर उठून बसतो.

काल कॅफेत सगळ्यांना खरं सांगितलं. लोमेल टोपी घालून निघून गेला. सोइझिकने पेला भरला नाही आणि मीही मागितला नाही. पाटीवाला म्हणून आता कुणी हाक मारत नाही. मला ऐकवत नाही ते नाव.

आज तिचं पत्र आलं. रिपेकाबाईंचं, मला. सोइझिकच्या लेकीने वाचून दाखवलं, ती मधेच थांबली, मग पुढे वाचलं. सोबत पाठवतोय. तू स्वतः वाच.

जा म्हणून मी सांगणार नाही. सांगायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण गेलीस तर माझं नाव घेऊन माझ्या वतीनेही मान खाली घाल.

गुलवेन


(सोबतचं पत्र)

१ जून २००६

गुलवेन भाऊ,

तुमचा डबा पोचला. पत्र वाचायच्या आधीच पोरांनी बिस्किटं संपवली, नाहीतर डबा तसाच समुद्रात गेला असता. फार लोणी घालता तुम्ही लोक.

मग पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून वाटलं, ही माणसं आमची थट्टा करतायत. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या टोपलीची गोष्ट कळली. तेव्हा समजलं, पोरगी ते पातेलं घेऊन हसत का आली होती. बरेच दिवस ते माझ्या डोक्यात कुरतडत होतं. आता एवढं तरी सुटलं.

झालं ते ठीक आहे असं मी लिहिणार नाही. ठीक नाहीच. होहेपा दुधावर होता तेव्हापासून मी त्याला सांभाळलाय. तो अजून सापडलेला नाही. जोवर आमचं माणूस त्या पाण्यात आहे तोवर त्या पाण्यातलं आम्ही खात नाही, एवढी साधी गोष्ट आहे. माझी बहीण त्या खोलीत अजून बसू शकत नाही. तिला अजून तो वास येतो. तुमच्या पोरीने काय केलं ते हे आहे.

पण दुसरंही लिहिते, कारण ते पोरीला ठाऊक नसणार. माझे काका पाओरा काठी घेऊन गाडीमागे धावले ते मारायला नव्हे. ज्याने ते खाल्लं, ज्याने हाताळलं, त्याने तसंच निघून जायचं नसतं. त्याच्यावर पाणी शिंपडावं लागतं, प्रार्थना म्हणावी लागते. नाहीतर ते त्याच्याबरोबर जातं, त्यालाच खातं. काका ओरडत होते, थांबा रे पोरांनो, थांबा. ती गाडी थांबली नाही. काका रस्त्यावर पडले. गुडघा फुटला.

त्या रात्री पाऊस होता आणि घाटात दरड आली होती. आम्ही फोन करत बसलो. ओपोतिकीच्या बागा, पुढच्या गावच्या बागा, पेट्रोल पंप, पोलीस. नळवाल्याची जुनी व्हॅन, तीन फ्रेंच पोरं, पाहिलीत का? एकाला समुद्रात शोधत होतो, आणि तिघांना रस्त्यावर शोधायला लावलं तिने.

ती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर तिघंही जिवंत आहेत एवढं कळवा. काका रोज विचारतात.

रिपेका


ओपोतिकी
५ जुलै

मामा,

मी इथे आहे. आजच तुला लिहायला बसायचा धीर झाला.

मावशीचं पत्र मी बास्तिएन आणि मानोंसमोर मोठ्याने वाचलं, फ्रेंचमध्ये, एक शब्द न बदलता. या वेळी काही गाळलं नाही. मानों रडायला लागली. बास्तिएन म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या पाण्यातलं मला खायला घातलंस? तो माझ्याशी पत्ते खेळायचा." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं तो... तो म्हणाला, "पण मनाई आहे हे माहीत होतं ना? मला का नाही सांगितलंस? मी नसतो आलो." खरंच नसता आला. मी उगाच त्याला ल्योंवाला ल्योंवाला म्हणून हिणवत होते. मी म्हटलं, चला, तिघंही जाऊ. त्याने मान हलवली. "आम्ही येऊ, पण तुझ्याबरोबर नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिक्टनला उत्तर बेटाच्या बोटीवर सोडलं. मानोंने मिठी मारली, बास्तिएनने माझी पिशवी उतरवून दिली आणि गाडी वळवली. मी त्यांना दोष देत नाही.

बसने इथवर आले. फाटकाशी उभी राहिले. आत पाय टाकवेना आणि परत फिरायची सोय नव्हती, बस गेली होती. कुत्रं भुंकलं. पाओरा आजोबा लंगडत बाहेर आले. मला बघून म्हणाले, "आलीस? हलू नकोस आता. ह्या गुडघ्याने पुन्हा धावणं होणार नाही." मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू फुटलं. ते म्हणाले, "रड नंतर. आधी हात पुढे कर." त्यांनी माझ्या हातांवर, डोक्यावर पाणी शिंपडलं आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काही म्हटलं. मग विचारलं, "ती दोघं?" मी म्हटलं, येणार आहेत. "कधी?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "लवकर म्हणावं. माझंही वय झालं."

मी तुझं नाव घेऊन मान खाली घातली. सांगितलं की मामालाही फार लाज वाटते. आजोबा म्हणाले, "बिस्किटवाला ना? असू दे."

मावशी माझ्याशी बोलली नाही. घरात घेतलं, जेवायला वाढलं, पण बोलली नाही. सकाळी मी उठून भांडी घासली, लाकडं आत आणली, न्हाणीघर धुतलं. वाटलं, कामाने तरी काही फिटेल. ती बघत होती. शेवटी म्हणाली, "घरातली लादी पुसून पुसून झिजवशील. माझ्याशी काय बोलायचंय तुला? जिच्याशी बोलायचंय ती बाहेर बसलीय." मला तेच नको होतं, मामा. मावशीच्या शिव्या मी आनंदाने खाल्ल्या असत्या. मी आल्यापासून जिच्या समोरून जायचं टाळत होते ती हुइआबाई होती.

ती ओट्यावर बसलेली असते, पाण्याकडे तोंड करून, मांडीवर घोंगडी घेऊन. मी जाऊन समोर उभी राहिले. बोटीत, बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती. क्षमा मागायची, पहिल्या टोपलीचं सांगायचं, आमच्या रिवाल मामाचं सांगायचं. तिच्याकडे बघितलं आणि तिला आमच्या घरचं दुःख सांगायला निघाले होते याचीच शरम वाटली. मी एवढंच म्हटलं, "मला पाटी समजली होती. तरी मी गेले. माफ करा."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. माझा हात धरून तिने मला जवळ ओढलं. हाताला ताकद होती. म्हणाली, "त्या दिवशी तू टोकापलीकडे होतीस. आमची माणसं सुकतीला तिथे नव्हती, पाण्याची ओढ इकडची म्हणून सगळी इकडे घरासमोर शोधत होती. पाणी तेवढं मागे गेलेलं तुम्हीच बघितलंत. मी किती दिवस वाट बघतेय तुझी, हे विचारायला. काही दिसलं होतं का तुला? कापड? बूट? काहीही?"

मामा, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्यावर तिचा राग नव्हता. रागाला तिच्यात जागाच नव्हती. इतके दिवस मी ब्लेनमला तोंड लपवून वेली छाटत होते, मला वाटत होतं माझं तोंड बघायची या लोकांना किळस येत असेल. आणि ती बाई माझी वाट बघत होती. त्या पाण्यात तेव्हा काही दिसलं असेल तर ते मलाच, असं समजून.

खोटं सांगायची इच्छा झाली. शपथ घेऊन सांगते, झाली. काहीतरी दिसलं म्हणावं, लांबवर काहीतरी, म्हणजे तिला धरायला काही मिळेल. पण खोटं बोलून बोलूनच मी इथवर आले होते.

मी सांगितलं, "नाही. आम्ही तिघं वाकून शिंपले तोडत होतो. हसत होतो, एकमेकांना चिडवत होतो. पाण्याकडे मान वर करून कुणी बघितलंच नाही. एकदाही नाही."

ती पाण्याकडे बघत राहिली. हात मात्र सोडला नाही. मग आतल्या दिशेने तोंड करून म्हणाली, "रिपेका, हिला माझे गमबूट दे." आणि मला म्हणाली, "आत्ता सुकती आहे. कुठल्या कातळावर उभी होतीस ते दाखव."

बूट मला मोठे होत होते. मी ते घातले, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही टेकडीच्या मागच्या वाटेने खाली उतरलो.

रोझेन